चोरीचीही कीर्द लिहावी

व्यापार विश्वासावर चालतो, हे वाक्य आपल्या पेढ्यांवर इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याचा अर्थ आता कोणी तपासून पाहत नाही. वस्तुतः व्यापार नुसत्या विश्वासावर कधीच चालला नाही; तो विश्वास आणि नोंद ह्या दोन चाकांवर चालला. बापलेकांमधील देवघेवही कीर्दीत उतरल्याखेरीज झाली असे आपल्या वाडवडिलांनी मानले नाही. हुंडी वटली म्हणजे तिचा खोका जपून ठेवावयाचा. ती वाटेत गहाळ झाली तर पेठ लिहावयाची, आणि पेठही हरवली तर परपेठ, असा शिरस्ता होता. म्हणजे हरवलेल्या कागदाबद्दलही कागद करून ठेवण्याची शिस्त आपल्या रक्तात होती.

ही शिस्त आज एका नव्या प्रसंगी आपल्याला सोडून जाते, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. तो प्रसंग म्हणजे इंटरनेटवरील खाते हॅक होण्याचा. पेढीची मेल-पेटी, व्हॉट्सअॅपचा क्रमांक, बँकेचे नेट-खाते, जी.एस.टी. पोर्टलचा प्रवेश, ह्यांपैकी कोठे तरी चोर शिरतो; आणि जो व्यापारी एरवी तागडीतील तोळ्या-माशाचा हिशेब ठेवतो, तोच अशा वेळी गोंधळून तीन चुका करतो. पहिली, तो गोष्ट झाकतो. दुसरी, घाबरून मोबाइल पुसून टाकतो आणि त्याबरोबर चोराची पावलेही पुसतो. तिसरी, पंधरा दिवसांनी रिकाम्या हाताने पोलीस ठाण्यात जातो आणि केवळ एक कहाणी सांगतो. ह्या तिन्ही गोष्टींनी चोराचेच काम होते, हे आमचे स्पष्ट मत आहे आणि तेच येथे सविस्तर मांडावयाचे आहे.

झाकण्याचा विचार प्रथम घेऊ. 'बाजारात कळले तर पत जाईल', ही भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पत कशाने जाते? घरफोडी झाली म्हणून आजवर कोणत्या पेढीची पत गेली? पत जाते ती आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले आणि आपण ते वेळेवर सांगितले नाही म्हणून. समजा, बेळगावच्या रविवार पेठेतील एका आडत्याच्या मेल-पेटीत चोर शिरला. त्याने काही मोडतोड केली नाही. तो मुकाट्याने पत्रव्यवहार वाचत बसला. मडगावच्या ग्राहकाचे बिल निघताच त्याने आडत्याच्याच पेटीतून, आडत्याच्याच भाषेत, 'आमची बँक बदलली आहे, रक्कम पुढील खात्यावर भरावी' असे लिहिले. मडगावकराने विश्वासाने रक्कम भरली. आता आडत्या म्हणतो पैसे मिळाले नाहीत. ग्राहक म्हणतो मी तर भरले. दोघेही खरे बोलत आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा अशा वेळी एका आठवड्यात तुटू शकतो. तो वाचवावयाचा तर दोघांच्याही हाती पुरावा पाहिजे: ते पत्र कोणी, केव्हा, कोठून लिहिले, आणि आडत्याला शिरकावाची खबर कधी लागली. आडत्याने खबर लागताच सर्व ग्राहकांना कळविले असेल तर त्याच्याकडे बोट दाखविणे कठीण. लपविले असेल तर त्याची बाजू लंगडी. म्हणून आम्ही म्हणतो की चोरी उघड करणे हेच पतीचे रक्षण आहे.

आता नोंदीचा क्रम पाहू. पैसा गेला असेल तर सर्वांत आधी बँकेला आणि १९३० ह्या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर कळवावे. चोरलेली रक्कम पुष्कळदा काही मिनिटांतच एका भाडोत्री खात्यातून दुसऱ्यात आणि तेथून तिसऱ्यात जाते. १९३० वर तक्रार नोंदली गेली म्हणजे ती ज्या बँकांतून पैसा फिरला त्यांच्यापर्यंत पोचते आणि वाटेत सापडलेली रक्कम तेथेच अडवून धरता येते. हे काम तासांचे आहे, दिवसांचे नाही. केंद्रीय गृहखात्याच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही लेखी तक्रार भरता येते. तिचा जो क्रमांक मिळतो तो लग्नपत्रिकेच्या मागे न टिपता वहीत टिपावा.

पैसा गेलेला नसेल, किंवा पैशाची वर्दी देऊन झाली असेल, तर दुसरे पाऊल पुरावा टिपण्याचे. परवलीचा शब्द बदलणे त्याच्या मागोमाग. हा क्रम आम्ही मुद्दाम सांगत आहोत. आपल्या खात्यात कोणकोणती यंत्रे शिरली आहेत ह्याची यादी मेल आणि व्हॉट्सअॅप दोन्ही दाखवितात. आपण 'सर्वांना बाहेर काढा' अशी कळ दाबली की चोर बाहेर जातो खरा, पण त्या यादीतील त्याची नोंदही तेथून निघून जाऊ शकते. म्हणून आधी त्या यादीचे छायाचित्र घ्यावे आणि मगच कुलूप बदलावे. दोन्ही मिळून पाच-सात मिनिटांचे काम आहे. परवलीचा शब्द मात्र दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून बदलावा. ज्या मोबाइलमध्ये चोराचे बी पेरले गेले आहे त्यातूनच नवी किल्ली घडविणे म्हणजे ती चोराच्या हाती देणे होय.

कोणत्या वस्तू जमवाव्यात? सर्वसाधारण उत्तर असे की जे जे चोराने हाताळले ते ते मूळ स्वरूपात. मेलच्या बाबतीत संशयास्पद पत्र दुसऱ्याकडे नुसते पुढे पाठविले तर त्याचे मूळ शीर्षक नाहीसे होते. आणि ते पत्र कोणत्या वाटेने आले हे त्या शीर्षकातच लिहिलेले असते. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' असा पर्याय आहे. तेथून ते पत्र जसेच्या तसे उतरवून ठेवावे. मेल-पेटीच्या व्यवस्थेत, सेटिंग्जमध्ये, पत्रे आपोआप दुसरीकडे वळविण्याचा किंवा लपविण्याचा एखादा नियम चोराने घालून ठेवला आहे काय हे अवश्य पाहावे, आणि तो काढून टाकण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. संगणकावर जीमेलच्या तळाशी अलीकडच्या प्रवेशांचा तपशील मिळतो. त्यातील वेळ आणि आय.पी. पत्ता पोलिसांना धागा देतात.

व्हॉट्सअॅपच्या बाबतीत संभाषण पुसू नये व अॅपही काढू नये. समोरचा क्रमांक देशाच्या संकेतांकासह पूर्ण दिसेल असे छायाचित्र घ्यावे. नुसते नाव आणि चेहरा पुरावा नव्हे, कारण ते दोन्ही उसने घेता येतात. लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून आलेली अॅपची फाइल असेल तर ती उघडू नये आणि पुसूही नये. ज्या संदेशातून ती आली तो संदेश तसाच राखावा. समाजमाध्यमावरील बनावट पानाचा पूर्ण पत्ता अक्षरशः उतरून घ्यावा, कारण नाव बदलता येते.

बँकेच्या बाबतीत तारीख, वेळ, रक्कम, व्यवहाराचा यू.टी.आर. क्रमांक आणि ज्या खात्यावर रक्कम गेली त्याचा उपलब्ध तपशील एका ओळीत मांडावा. बँकेचे संदेश पुसू नयेत. खात्याचा उतारा शाखेकडून प्रमाणित करून घ्यावा. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्टने अशा प्रमाणित नकलेला न्यायालयात स्थान दिलेले आहे. मोबाइलचे सिमकार्ड अचानक मुके झाले असेल तर ते नेमके किती वाजता झाले हे लिहावे आणि मोबाइल कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक घ्यावा. आपल्या नावे दुसरेच सिम कोणी काढले असल्यास हीच वेळ साऱ्या प्रकरणाची किल्ली ठरते.

ह्या सर्वांच्या वर एक साधी कालानुक्रमिक टाचणी असावी. 'अमुक तारखेस सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी संदेश आला. साडेदहाला सिम बंद पडले. पावणेअकराला रक्कम गेली. अकराला १९३० वर कळविले.' जे माहीत आहे तेवढेच लिहावे. तर्क लिहू नयेत, आणि विशेषतः जुन्या गुमास्त्यावर वा भाऊबंदावर संशयाचे शिंतोडे उडवू नयेत. शिंतोडे धुवून निघत नाहीत, आणि तपास भलत्याच वाटेला लागतो. चोराशी स्वतः वाद घालणे, त्याला धमकावणे किंवा 'पैसे परत मिळवून देतो' म्हणणाऱ्या तिऱ्हाइताला आणखी पैसे देणे, हेही कटाक्षाने टाळावे. असा तिऱ्हाईत पुष्कळदा दुसरा चोरच असतो.

कोणी विचारील की छायाचित्रे जमविली म्हणजे पुरावा झाला काय? येथे आपल्या वह्यांचाच दाखला उपयोगी पडेल. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ३४ व्या कलमात नियमितपणे लिहिलेल्या हिशेबाच्या वह्या ग्राह्य मानल्या होत्या, पण केवळ त्या नोंदींवरून कोणावर देणे लादता येणार नाही असेही बजावले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २८ व्या कलमात हेच तत्त्व कायम आहे. वहीला पावतीचा आधार लागतो, हे आपण जाणतो. तद्वत् पडद्याच्या छायाचित्राला प्रमाणपत्राचा आधार लागतो. ह्याच अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या नकलेसोबत एक प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचे दोन भाग आहेत: एक, ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा, आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचा 'हॅश' नमूद करावयाचा असतो. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो, आणि म्हणून नक्कल अस्सल आहे की नाही हे ताडून पाहता येते.

हे प्रमाणपत्र म्हणजे केवळ उपचार नव्हे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून निघालेला अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वाद होता तो चित्रफितींच्या ग्राह्यतेचा. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने त्या वेळच्या ६५-ब कलमाविषयी सांगितले की नक्कल दाखल करावयाची तर प्रमाणपत्र अनिवार्य. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर करून शाबीत केले तर त्याची गरज नाही. आपण घ्यावयाचा बोध सरळ आहे: मूळ मोबाइल आणि मूळ संगणक जपावा. नवा मोबाइल घेण्याच्या भरात जुना मोडीत देऊ नये, तो 'फॅक्टरी रीसेट' करू नये. इंटरनेटपासून तोडून बाजूस ठेवावा. पोलिसांनी तो ताब्यात घेतला तर पंचनाम्याची वा जप्तीची नक्कल मागून घ्यावी.

विलंबाबद्दल दोन शब्द. पुरावा हा नाशवंत माल आहे. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत संगणक-सेवा पुरविणाऱ्यांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस राखण्यास सांगितले. म्हणजे जो व्यापारी 'दिवाळीनंतर पाहू' म्हणून सात महिने थांबतो, त्याच्या चोराची पावले तोपर्यंत नियमानुसारच पुसली गेलेली असू शकतात. बँकेच्या बाबतीत तर दिवसांचाच प्रश्न. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की दोष बँकेचाही नसेल आणि ग्राहकाचाही नसेल, आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर तोशीस येऊ नये. चार ते सात दिवसांत कळविल्यास ठराविक मर्यादेपर्यंतच यावी. नियमांचे आकडे काळानुसार बदलतील. परंतु 'केव्हा कळविले' हा प्रश्न कधीच बदलणार नाही. त्याचे उत्तर आपल्यापाशी लेखी असले पाहिजे.

सीमाभागातील आपल्या बंधूंना हद्दीचा प्रश्न नेहमी अडवितो. पेढी कर्नाटकात, ग्राहक गोव्यात, बँकेची शाखा महाराष्ट्रात आणि चोराचे खाते कोठल्या तरी चौथ्या राज्यात. फिर्याद द्यावी कोठे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने हा प्रश्न पुष्कळसा सोडविला आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला देता येते. तोंडी दिली तर ती लिहून घेऊन वाचून दाखविली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठविली तर तीन दिवसांत सही करावी लागते. आणि नोंदीची नक्कल फिर्यादीस विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठविण्याचा आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग आहे. भाषेविषयी आमची सूचना अशी की मराठीतील मूळ संदेश जसेच्या तसे ठेवावेत आणि सोबत त्यांचा कन्नड, हिंदी वा इंग्रजी सारांश जोडावा. मूळ बदलून भाषांतर देऊ नये.

फिर्यादीत काय घडले हे सांगावे. कलमे ठरविणे पोलिसांचे काम. तरी एवढे ठाऊक असावे की दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या ६६-क कलमाखाली, आणि संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसविणे हा ६६-ड कलमाखाली गुन्हा आहे. दोहोंस तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. म्हणजे पैसा गेला नसला, नुसता शिरकाव झाला, तरी तो गुन्हाच आहे. 'काही गेले नाही ना, मग सोडा' असे जे म्हणतात ते चोराला पुढच्या पेढीचा पत्ता देतात. शिवाय नुकसानभरपाईसाठी त्याच अधिनियमाखाली न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा नेता येतो; तेथेही हाच पुरावा उपयोगी पडतो.

आणखी एक बाजू आहे, जिच्याकडे आपले लक्ष अजून पुरेसे गेलेले नाही. चोर चोरलेल्या पैशाने मालही विकत घेतो. आपण सचोटीने माल दिला, रक्कम यू.पी.आय. ने आली, आणि काही दिवसांनी कळले की आपल्याच खात्यातील रक्कम दूरच्या पोलीस ठाण्याच्या सांगण्यावरून गोठविली गेली आहे. अशा वेळी निरपराध व्यापाऱ्याने आपली सचोटी कशाने सिद्ध करावी? बिल, माल पोचल्याची सही, ई-वे बिल, वाहतुकीची बिल्टी आणि गिऱ्हाइकाशी झालेले संभाषण, एवढीच त्याची ढाल. ज्याने ही कागदपत्रे लावून ठेवली आहेत तो खाते मोकळे करण्याची मागणी ठामपणे करू शकतो. ज्याने ठेवली नाहीत त्याला नुसत्या शपथा घेत फिरावे लागते.

'पोलिसांत जाऊन मिळते काय?' हा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. गेलेला पैसा प्रत्येक वेळी परत मिळतो असे म्हणणे खोटेपणाचे होईल. तपास रेंगाळतात, ठाण्यांतून हेलपाटे पडतात, हेही खरे. परंतु तक्रार न करणाऱ्याचा पैसा मिळण्याची आशा तर मुळीच नाही. आणि एकेका व्यापाऱ्याची फिर्याद लहान दिसली तरी तेच भाडोत्री खाते, तोच क्रमांक दहा फिर्यादींत आला म्हणजे टोळीचा माग लागतो. बेळगावची फिर्याद इंदूरच्या सियागंजातील किंवा हैदराबादच्या बेगम बाजारातील अनोळखी व्यापाऱ्याला वाचवू शकते. सुटे सुटे गप्प बसलेले शंभर व्यापारी म्हणजे चोराला शंभर उघडी दारे.

म्हणून आपल्या मंडळाने काही गोष्टी अंगावर घ्याव्यात असे आम्ही सुचवितो. प्रत्येक शाखेत दोन-तीन जाणत्या तरुण सभासदांनी अशा प्रसंगी धावून जाण्याचे पत्करावे. मंडळाच्या वकिलांनी ६३ व्या कलमाच्या प्रमाणपत्राचा नमुना भरून दाखवावा. आणि वर्षातून एकदा स्थानिक सायबर पोलीस अधिकाऱ्यांना सभासदांसमोर बोलवावे. ज्याच्यावर प्रसंग आला त्याला 'इतकाही कसा भोळा' असे कोणी हिणवू नये. हिणविण्यामुळेच माणसे झाकतात. घरातील स्त्रिया आणि वृद्ध ह्यांच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घेतली पाहिजे. आपल्या हातून चूक झाली असे वाटून रडत बसण्याऐवजी त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत घरात सांगावे, इतका धीर त्यांना घरातूनच मिळाला पाहिजे.

येत्या लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा होईल तेव्हा त्यांत एक पातळ वही अधिक ठेवावी, अशी आमची सर्व बंधुभगिनींना विनंती आहे. पहिल्या पानावर १९३० हा क्रमांक, आपल्या बँकांचे अधिकृत दूरध्वनी आणि पेढीच्या खात्यांची यादी असावी. परवलीचे शब्द मात्र तीत कदापि लिहू नयेत. उरलेली पाने कोरी राहोत, हीच प्रार्थना. पण प्रसंग आलाच, तर त्या पानांवर तारीख आणि वेळ घालून पहिली ओळ त्याच घटकेला लिहिली जावी.